चार हजार एकशे सोळा

— नको, चहा नको टाकूस, तू बस आधी. आज एवढ्या लवकर कशी आलीस कामावरून, हे विचारणार होते, पण राहू दे, आज मी विचारायला आलेले नाही, सांगायला आलेय — हसू नकोस, मलाही त्याची सवय नाही. आणि ती कात्री ठेव ना जरा बाजूला. भीती नाही गं, पण तुझी नजर कापडावर असली की मला वाटतं तू ऐकत नाहीयेस, आणि हे मला दोनदा सांगायला जमायचं नाही, मास्तर.

तुझ्या वेबसाइटवर त्या दिवशी माणसं आली ना — चार हजार एकशे सोळा — तू धापा टाकत जिना चढून आलीस, माझ्या हातात भांडं होतं, तशीच मला ओढत खाली आणलंस आणि आकडा दाखवलास. एकतीस गावांहून आलेत गं, म्हणालीस, एका दिवसात. कपड्यांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कटिंग मास्तर म्हणून सरळसोट मापं कापायची आणि घरी येऊन ही वाकड्या अंगांची मापं बसवायची — पाठीला बाक असणाऱ्याचा सदरा, एका हाताच्या माणसाचं जॅकेट, चाकाच्या खुर्चीत दिवस काढणारीचा झगा — आणि त्यांचे नमुने साइटवर टाकायचे, कोण बघणार हे, असं वाटायचं म्हणालीस, आणि बघ. गळ्यातल्या मोजपट्टीनंच डोळे पुसलेस. मी काय म्हणाले आठवतं? "मी म्हणत नव्हते का," असं म्हणाले. मिठी मारली तुला. आणि मला तेव्हा माहीत होतं. मिठी मारताना माहीत होतं — ती माणसं नव्हती.

थांब, मध्ये बोलू नकोस, नाहीतर मी पुन्हा गोड काहीतरी बोलून मोकळी होईन. आमचे जावई महिनाभर राहिले ना, लेकीचा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा — बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसायचे. आता माणूस घरात बसून काय करतो हे मला कळायला नको? चहा द्यायच्या निमित्तानं उभी राहायचे मागे. तर त्यांचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरचं सगळंच्या सगळं उतरवून घ्यायचं. हातानं नाही, सॉफ्टवेअरनं. तू-मी एक पान उघडणार, वाचणार, मग पुढचं. हे एका दमात चाळीस पानं उघडतं, चाळीस हात असल्यासारखं. पण समोरची साइटही काही बावळट नसते, एकच पाहुणा शंभरदा दार वाजवायला लागला की ती आतून कडी लावते. म्हणून मग दर वेळी नवं तोंड. आत्ता या घरचा पत्ता, पुढच्या क्षणी त्या घरचा. प्रॉक्सी म्हणतात — कॉलेजात दुसऱ्याच्या नावानं "हजर" म्हणतात ना, तीच, फक्त ही सारखी फिरती.

मला एका झटक्यात कळलं. न कळायला काय झालं? तिसऱ्या मजल्यावर भांडण कशावरून झालं हे मी कधी स्वतः जाऊन विचारलं का? एकदा इस्त्रीवाल्याच्या तोंडून विचारलं, एकदा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या, एकदा मीटर बघायला येतो त्याच्या — आणि सगळे तुकडे आणून माझ्या ओट्यावर जुळवले. हे मी जावयांना हसत हसत सांगितलं. तर ते म्हणाले, आई, तुम्ही म्हणजे चालतंबोलतं सॉफ्टवेअर आहात. आणि मला — काय सांगू — बरं वाटलं. जावयानं कौतुक केलं की बाईचं डोकं ठिकाणावर राहत नाही.

मग ते डबे. तो, तुझ्या शिलाई मशीनमागे आहे ना, हिरव्या दिव्याचा — त्यानं इंटरनेट जोरात चालतं म्हणून मीच आणून लावला. या इमारतीत एकोणीस घरांत लावले मी, "आमच्या जावयांनी दिलेत" म्हणून मिरवत. पहिल्या दिवशी मलाही खरंच वाटलं होतं, तुझी शप्पथ. दुसऱ्या दिवशी जावयांनीच सांगितलं, डब्याचं काम वेगळं — त्या डब्यातून त्यांचं सॉफ्टवेअर बाहेर पडतं, आपल्या घरचा पत्ता तोंडाला लावून. असे डबे त्यांच्या कंपनीनं गावोगावी ठेवलेत. तुझी एकतीस गावं ती हीच. तेव्हा काढून आणायचे ना मी डबे? पण लोकांना काय सांगायचं — आणि जावयांचा अपमान. नाही आणले.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी आज एवढी — नाही, सांगते, सगळं सांगते. एकदा जेवताना ते म्हणाले, कपड्यांच्या कटिंगचे नमुने हवेत एका गिऱ्हाइकाला, पण सगळ्यांकडे तेच ते, वेगळं काही सापडत नाही. कुणी विचारलं होतं का मला? वाढत होते मी, वाढून गप्प बसायचं. पण या जिभेला हाड नाही. म्हटलं, आमच्या खालच्या मास्तरांचं बघा, अख्ख्या जगात कुणाकडे नाही ते. साइटचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. तुझा अभिमान वाटत होता गं मला — ते खोटं नाही. पण सांगितलं मीच. दुसऱ्या दिवशी तुझ्याकडे ती गर्दी. पानं मोज तुझ्या साइटची, चार हजार एकशेच्या आसपासच भरतील, एका पानाला एक तोंड. त्यातली काही पानं तर याच डब्यातून गेली असतील, तुझ्या मशीनमागून, तू शिवत असताना.

जावयांना म्हटलं मी, तिला सांगायला हवं. ते म्हणाले, आनंदात आहेत ना त्या, राहू द्या की. आणि मला ते पटलं, कारण ते सोपं होतं. अकरा दिवस झाले. अकरा दिवस तू जिन्यात भेटलीस की मी म्हणतेय, काय मास्तर, आज किती आले?

आणि आज सकाळी टाचण्यांची डबी परत द्यायला आले, तू आत कपडे बदलत होतीस, टेबलावर ते पत्र होतं. वाचलं मी. उलट्या बाजूनंसुद्धा मला वाचता येतं, तुला माहीत आहे. राजीनामा. "माझ्या कामाला आता लोकांची मागणी आहे" असं लिहिलंयस. मागणी! आणि तरी मी काय केलं — डबी ठेवली, "येते गं" म्हटलं आणि वर जाऊन उशांच्या खोळींना इस्त्री करत बसले. सगळ्या. दुपारी जाऊ, म्हटलं, जेवण झाल्यावर जाऊ, शांतपणे सांगू. पत्र काही लगेच देत नाही कुणी. तर आता आले, आणि देवाची कृपा, ते अजून इथंच आहे, या लाकडी पट्टीखाली. नको देऊस ते. पंचवीस जणी टपून बसल्यात तुझ्या कारखान्यातल्या त्या टेबलासाठी, तुझ्या कटिंग मॅनेजरला तर निमित्तच —

काय? खरे किती?

विचारलं मी जावयांना, मघाशीच फोन करून — सॉफ्टवेअरची चार हजार एकशे नऊ, उरली ती खरी. सात. त्या दिवशी खरी माणसं सात आली. त्यातली दोनदा मीच होते, बघत होते कसं दिसतं ते. म्हणजे पाच धर.

शिव्या दे, मी ऐकून घेईन. पट्टी कशाला उचलतेस — हे काय आहे खाली? कारखान्याचा शिक्का? सकाळी नव्हता हा. सकाळी मी इथंच, या फरशीवर उभी होते, नव्हता शिक्का. "मिळाले" — आजची तारीख. म्हणजे ही पोच मिळालेली प्रत, आणि तू आज लवकर आलीस ते —

बरं.

हो, नेते हा डबा. वायर मीच काढते, थांब, तू नको वाकूस. अजून गरम आहे गं हा.

जाते. दार मी ओढून घेते — नको? बरं, तू लाव.