घरी माणसं किती?

या मंडळी, या! पुढे सरका. खांबाला टेकलेले, तुम्हीसुद्धा! खांब काही पडत नाही, त्याला तुमच्या आधाराची गरज नाही. मला आहे! अशी जवळ या, कारण आजचं आख्यान लांबून ऐकायचं नाही. मांडीला मांडी लावून ऐकायचं आहे. गोड आहे. इतकं गोड की शेवटी तोंडाला खोबऱ्याची चव येईल, आणि आली नाही तर मला येऊन सांगा!

पूर्वरंगात दानाचा महिमा ऐकलात. आता मी तुम्हाला एक विचारतो. एका चोरानं देवाला दान केलं. चोरीच्याच पैशातलं. तर ते दान देवाला पावतं का?

"नाही!" पुढच्या काकू म्हणाल्या. एकदम ठाम! बरं, मागे कोण "हो" म्हणालं? बघा, सभेतच दोन पक्ष झाले. राहू द्या. गोष्ट संपल्यावर पुन्हा विचारीन.

तर मंडळी, कोकणात एक सुपारवाडी. पोफळीच्या बागा, मधून पाट वाहतोय, आणि पाटाच्या वरच्या अंगाला लक्ष्मीकेशवाचं देऊळ. देवळाला पुजारी आहे, पंच आहेत. पण देवळाचा प्राण कोण? दुर्गामावशी! सत्तरी उलटलेली बाई. काम एकच, प्रसादाची वडी करायची. नारळाची, वेलची घातलेली, वर एक केशराची काडी.

आणि या देवळाची रीत बघा हं! ज्यानं देवापुढे काही ठेवलं, त्याला एक वडी मिळते असं नाही. त्याच्या घरी जेवढी माणसं, तेवढ्या वड्या! म्हणून दान ठेवलं की दुर्गामावशीचा पहिला प्रश्न, "घरी माणसं किती?" सून माहेरी गेली असेल तर तिचीही वडी धरायची. पोटात बाळ असेल तर त्याची अर्धी! हसू नका, खरंच अर्धी मोडून द्यायची!

आता काळ बदलला. पंचांचे प्रमुख भार्गवराव ठोसर, मावशीच्याच भावकीतले. त्यांचा पुतण्या कॅनडात. त्यानं तिकडे बसून देवळाचं इंटरनेटवर पान करून दिलं. "काका, परदेशातले भक्त कार्डानं देणगी देतील." भार्गवराव खूश! पण दुर्गामावशीनं विचारलं, "अरे भार्गवा, तिथे देणगी दिलेल्याच्या हातावर वडी कोण ठेवणार?"

"मावशी, ती मंडळी लांबची."

"लांबची म्हणजे तोंड नसलेली काय रे? नाव-पत्ता, फोन विचारून घे. मी फोन करीन, माणसं विचारीन, टपालानं पाठवीन."

झालं! महिन्याला दोन देणग्या यायच्या, चार यायच्या. मावशी फोन करायची, वड्या जायच्या.

आणि एके दिवशी सकाळी, मंडळी, आक्रीत झालं! भार्गवरावांचा मोबाइल वाजायला लागला. टिंग! देणगी. टिंग! देणगी. टिंग, टिंग, टिंग! आपल्या या झांजा काय वाजतील! नागपूर, राजकोट, भोपाळ, कोइमतूर... सगळ्या भरतखंडात लक्ष्मीकेशवाची कीर्ती पसरली! भार्गवराव सोवळ्यानिशी धावत कर्ण्यापाशी. "ग्रामस्थहो! देव पावला! देशभरातून देणग्यांचा ओघ सुरू झालेला आहे!" आणि एकेका दात्याचं नाव आदरानं वाचायला लागले. ढोल काढले. अहो, गुलाल उधळला!

मावशी पाटावर नारळ खवत होती. तिनं विचारलं, "किती रे एकेकाची?"

"दहा रुपये."

"अकरा नाही? देवाला वरचा रुपया नाही?"

"अहो मावशी, परप्रांतीय आहेत, त्यांना कुठली रीत!"

"बरं. फोन लाव. माणसं विचारते."

भार्गवरावांच्या कपाळाला आठी. "मावशी! दहा रुपयांच्या देणगीला टपालच चाळीस रुपये! या वेळी वडी राहू दे."

मावशीनं खवणी बाजूला ठेवली. "भार्गवा, तुझ्या मुंजीत मी भिक्षावळ घातली, तेव्हा तुझ्या झोळीत लाडू मोजून टाकले होते काय रे? देवानं त्यांचे दहा घेतले की नाही? मग त्याची वडी त्यांच्या तोंडात पडलीच पाहिजे. लाव फोन!"

भार्गवरावांनी मोबाइल काढला. लागला फोन.

पण थांबा! फोन वाजतोय तोवर जरा नागपूरला जाऊन येऊ.

नागपुरात वासंतीबाई देवतळे. सरकारी दवाखान्यात जन्मभर परिचारिका. दुसऱ्यांच्या किती लेकींची बाळंतपणं त्या हातांनी केली असतील! आता निवृत्त, एकट्या. एकच लेक, नूपुर, ऑस्ट्रेलियात, आणि तिला नववा महिना! आई जाणार होती. व्हिसा झाला, बॅग भरली. तिकीट तेवढं दुसऱ्या दिवशी काढायचं होतं, क्रेडिट कार्डावर. त्या कार्डाची सगळी मर्यादा म्हणजे जेमतेम ते तिकीट. ते कार्ड गेलं, तर आई इथे, लेक तिथे, आणि मधे समुद्र!

आणि मंडळी, ते कार्ड गेलेलंच होतं! त्यांना पत्ता नव्हता.

"बुवा, कार्ड तर त्यांच्या पर्समध्येच असेल!" अगदी बरोबर! पूर्वी चोरी झाली की वस्तू जायची. आता वस्तू जागच्या जागी आणि तरी चोरी! बाईंनी लेकीसाठी डिंक, अळीव, झबली-टोपडी मागवली होती, एका अर्ध्या किमतीच्या दुकानातून, मोबाइलवर. दुकान खोटं! तिथे बाईंनी काय काय लिहिलं? कार्डावरचा आकडा, मुदतीची तारीख, मागचे तीन अंक, नाव, पत्ता, फोन. बस! चोराला कार्ड कशाला हवं? कार्डाचा जीव त्या आकड्यांत!

आता हा पहिला चोर, हा स्वतः काही विकत घेत नाही. तो घाऊक व्यापारी! असे शेकडो आकडे गोळा करतो आणि दुसऱ्या चोराला गठ्ठ्यानं विकतो. आता दुसऱ्याला काळजी. यातली चालू कार्डं किती, बंद किती? मग तो काय करतो? काकू, तुम्ही बाजारात नारळ कसा घेता? टिचकी मारता की नाही? कानाशी धरून हलवता, पाणी वाजलं की पिशवीत! तशी चोर कार्डाला टिचकी मारतो. पाच रुपये, दहा रुपये. गेले? म्हणजे कार्ड जिवंत! मग नारळ फोडायचा. महागडे मोबाइल घ्यायचे, भेटकार्डं घ्यायची, ती अर्ध्या किमतीत तिसऱ्याला विकायची आणि रोकड घेऊन पसार!

आणि टिचकी मारायला जागा कुठली? धर्मादाय! जिथे कुणी "का दिलेत?" म्हणून विचारत नाही. जिथे माल पोचवायचा नसतो. परदेशातलं पान असेल तर ओटीपीसुद्धा मागत नाहीत. असं पान चोराला सापडलं. कुठलं? आमच्या लक्ष्मीकेशवाचं! इकडे भार्गवराव गुलाल उधळतायत आणि तिकडे चोर नारळ वाजवतोय!

पण चोराचं एक चुकलं. त्याला वाटलं, इथे माल पोचवत नाहीत. त्याला काय माहीत, इथे वडी पोचवतात!

*दान देई चोर । दुजियाच्या नावे ।*
*देव त्याला पावे । ज्याचे नाव ॥*

म्हणा! टाळी वाजवून म्हणा! ...हां, असं!

पहिला फोन कुणी उचललाच नाही. दुसऱ्यानं उचलला आणि, "देवाच्या नावानं लुटता? लाज वाटत नाही?" म्हणून आपटला! बघा कलियुग! चोराला देवळात मान आणि प्रसादवाली ती चोर! भार्गवराव म्हणाले, "पुरे आता मावशी."

"एक शिवी खाल्ली तर माझं पोट भरलं नाही. पुढचा लाव."

पुढचा लागला. नागपूर.

"हॅलो, वासंतीबाई काय हो? सुपारवाडीच्या देवळातून बोलते. घरी माणसं किती?"

पलीकडून ताडकन, "काहून? तुम्हाला काय करायचं आहे? बँकवाल्या का तुम्ही? मी काही ओटीपी-बिटीपी सांगत नसते!"

"नका सांगू हो! काय असेल ते तुमच्यापाशीच ठेवा. मला माणसं सांगा."

"मी एकटीच आहे! पण कशासाठी?"

"वडी पाठवायची आहे. एकटीच? मग दोन पाठवते, एकट्या माणसाला एक वडी पुरत नाही."

"अहो ताई, काय बोलून राहिल्या तुम्ही? कसली वडी?"

"देवाला दहा रुपये दिलेत ना सकाळी? त्याचा प्रसाद."

"मी? मी तर तुमच्या देवाचं नावबी ऐकलं नाही!"

मावशी हळूच म्हणाली, "बाई, देवाला ओळखत नाही म्हणता, आणि देवाकडे तुमचं नाव, तुमचा पत्ता, तुमचा फोन कसा हो आला?"

वासंतीबाईंनी मोबाइलमधले संदेश उघडले. सकाळपासून येऊन पडले होते ढीगभर. सुप्रभात, जाहिराती, फुलं... आणि त्यांत तो, कार्डावरून दहा रुपये गेले. बाईंनी फोन पुन्हा कानाला लावला.

"ताई! माझं कार्ड! माझं तिकीट... माझ्या पोरीचे दिवस भरत आले हो!" रडायलाच लागल्या.

आणि मावशी काय म्हणाली? "रडा, पण मागाहून! कार्डाच्या पाठीवर बँकेचा नंबर असतो ना रे भार्गवा? असतो म्हणतो. त्यावर फोन करा, कार्ड बंद करा. माझा फोन ठेवा आधी! आत्ता! प्रसादाची शपथ आहे!"

फोन ठेवला. इकडे मावशीच्या हातात नारळाची वाटी, पण खवणं थांबलेलं. गुलाल लागलेले भार्गवराव खांबाला धरून उभे. ढोलवाल्यांनी ढोल खाली ठेवलेले. सगळं गाव एका न पाहिलेल्या लेकीच्या न पाहिलेल्या आईसाठी देवाकडे बघत बसलं!

आणि फोन वाजला.

"ताई... बंद केलं. आणि ऐका, बंद केल्यावर लगेच संदेश आला. कुणीतरी मोबाइल घ्यायला बघत होतं, कार्डाची सगळी मर्यादा भरेल एवढे! बँकेनं नाकारलं. ताई, तुम्ही फोन केला नसता तर—"

"मी कुठला केला! वडीनं केला," मावशी म्हणाली. "बरं, एकट्याच ना? दोन पाठवते."

मग मंडळी, भार्गवराव काय करते झाले? कपाळावरचा गुलाल उपरण्यानं पुसला आणि म्हणाले, "मावशी, तुमचा घसा बसेल. उरलेले फोन मी लावतो." पुतण्याला सांगून पान बंद करवलं, दहा-दहा रुपये ज्याचे त्याला परत केले, सायबर पोलिसांकडे तक्रार गेली. आणि पैसे परत गेले तरी वड्या गेल्याच! भार्गवरावांनी टपालाबद्दल एक अक्षर काढलं नाही. काढतील कशाला!

वासंतीबाईंचं नवं कार्ड आलं, तिकीट निघालं, जरा उशिरा, पण निघालं.

आणि एक दिवस दुपारी देवळातला फोन वाजला. आवाज लांबचा. मागे टँहँ टँहँ!

"दुर्गाताई, ओळखलंत? तुम्ही मला एक विचारलं होतं, घरी माणसं किती. मी म्हटलं होतं, एकटी. ते उत्तर चुकलं होतं हो. आता नीट सांगते. मी, नूपुर, जावई, आणि एक आहे, तिला दात नाहीत अजून. देवाला अकरा रुपये पाठवलेत, थेट देवळाच्या खात्यावर. या वेळी माझ्या हातानं."

मावशीनं पदर डोळ्याला लावला आणि म्हणाली, "तीन वड्या पुऱ्या. आणि दात नाहीत तिची... तिचीही पुरी! आता ती पोटाबाहेर आली!"

तर काकू, आता पुन्हा विचारतो. चोराचं दान पावलं का?

पावलं! पण चोराला नाही! देव हात बघत नाही, नाव बघतो. ज्या बाईच्या नावानं दहा रुपये आले, तिच्याच दारी जाऊन उभा राहिला, दुर्गामावशीच्या आवाजात!

आणि तुम्ही? गालातल्या गालात हसताय ते? घरी जा आणि मोबाइल उघडा. त्या फुलांच्या ढिगाखाली दहा रुपयांची टिचकी पडलेली आहे का बघा. लहान रक्कम म्हणून सोडू नका, तिथंच तर नारळ वाजवून बघतात! दिसली तर लाजू नका, लपवू नका. तडक बँकेला सांगा. अर्ध्या किमतीच्या मोहात आकडे लिहिताना दोनदा थांबा. आणि शेजारी एकटं कुणी राहत असेल, तर दहा रुपयांचं कारण काढून विचारपूस करा. चोर आपल्याला आकडा समजतो, मंडळी. आपण तरी एकमेकांना माणूस समजू या!

दुर्गामावशी आता नाही. गेल्या माघात गेली. पण तिची वडी आहे. आज आरतीनंतर तीच वाटली जाणार आहे, तिच्याच हातच्या रीतीची. ती हातावर पडेल तेव्हा लगेच तोंडात टाकू नका. क्षणभर थांबा, आपल्या घरी माणसं किती, ती एकेक आठवा. आणि त्यांत एक जास्त धरा. दुर्गामावशी ठोसर, सुपारवाडी. तेवढं नाव विसरू नका.