गव्हर्नरची बरणी

बस ना, उभी काय राहतेस — ती खुर्ची ओढ, तिच्यावरची टोपली खाली ठेव, काही नाही त्यात, मक्याचे दाणे आहेत. हां, अशी बस. बूट चावतोय ना? पहिल्या दिवशी सगळ्या वार्ताहर बायकांचे चावतात. वॉशिंग्टनहून निघताना कुणी सांगत नाही वाटतं तुम्हाला, की जत्रेत धूळ असते आणि चालावं लागतं. ते लिंबू सरबत घे, मी तोंड लावलेलं नाही. तर काय विचारत होतीस — रॉस टूमीबद्दल आमच्या लोकांचं मत काय, राष्ट्राध्यक्ष होण्याजोगा आहे का आमचा गव्हर्नर. अगं, मत माझ्या तोंडून कशाला ऐकतेस, समोर मांडून ठेवलंय की. या सहा बरण्या. एकेकीवर एकेका माणसाचं नाव नि फोटो. जत्रेला आलेल्या प्रत्येकाला मी मक्याचा एक दाणा द्यायचा, त्यानं तो आपल्या आवडत्या माणसाच्या बरणीत टाकायचा, आणि संध्याकाळी टीव्हीवाले येऊन कुणाची बरणी कितपत भरली ते सगळ्या देशाला दाखवणार. झालं. एवढा मोठा देश, आणि त्याचा कौल कोंबड्यांच्या खाण्यावर ठरतोय. मी नाही काढली ही पद्धत. आमच्या चर्चच्या बायकांकडं हे काम दरवर्षी असतं, यंदा मी मागून घेतलं.

टूमीची कुठली? ती, निळ्या झाकणाची. बघ ना जवळ जाऊन — अर्धीसुद्धा नाही. तिसरा आहे. स्वतःच्या राज्यात, स्वतःच्या जत्रेत तिसरा. अजून त्यानं उमेदवारी जाहीर केलेली नाही, नुसता चाचपतोय म्हणे. चाचपू दे. गेल्या सुगीला तो एका शेतावर गेला होता, कापणीच्या यंत्रावर बसून फोटो काढायला. नवे कोरे बूट, बाह्या दुमडलेल्या — आणि त्या बाह्या कुणी दुमडल्या माहितीय? त्याच्या मदतनीस मुलीनं, गाडीतून उतरता उतरता, इस्त्रीची घडी मोडू नये म्हणून अगदी हळू. मी बघितलं ना. वर चढला, हात केला, फोटो झाला, आणि उतरताना शेतकऱ्याला विचारतो, यंदा पीक कसं आहे. अख्खं शेत आडवं झालेलं, गारपिटीनं. त्याच गारपिटीची पाहणी करायला आणला होता ना त्याला. शेतकरी काय बोलणार बिचारा, म्हणाला, वाईट नाही साहेब. आमच्याकडं असंच बोलतात. तुझ्या फोनवाल्या पाहणीत लोक म्हणाले असतील, टूमी वाईट नाही, आणि तुम्ही तिकडं लिहिलं असेल, जनता समाधानी. इथं सासू मेली तरी लोक म्हणतात, दिवस वाईट नव्हता.

आणि दुसरी गोष्ट सांगते, ही लिहून घे. आमच्या चर्चच्या जेवणाला आला होता. भोपळ्याचा केक होता, मीच केलेला. आता आमच्याकडं ट्रेमधला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही, कळलं का. म्हणजे घेतच नाही. एक जण येतो, अर्धा कापतो, अर्धा ठेवतो. दुसरा येतो, त्या अर्ध्याचा अर्धा. शेवटी नखाएवढा तुकडा उरतो, आणि तो मी घरी नेऊन कुत्र्याला घालते, पण कुणी उचलत नाही. पाळण्यापासून शिकवलेलं असतं. हा इथंच जन्मलेला, इथंच वाढलेला — आला, आणि बोलता बोलता शेवटचा तुकडा उचलून तोंडात टाकला. अख्खा. सगळी खोली त्या रिकाम्या ट्रेकडं बघतेय. त्याला पत्ताच नाही. तेव्हाच माझ्या शेजारणीनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं बघितलं. समोर कोण आहे, कुणासाठी काय उरलंय, हे ज्याला दिसत नाही त्याच्या हातात फौजफाटा द्यायचा?

नाही, राग कसला. रागबिग नाही. मी त्याला पंधरा वेळा मत दिलं असेल, तो शाळा मंडळावर होता तेव्हापासून. माणूस तसा — माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला होता तो एकदा. म्हणजे रडला नाही, डोळ्यांत पाणी आलं. ते नको लिहू. ते उगाच बोलून गेले.

कधी म्हणजे, पूर आला होता तेव्हा. आमच्या गल्लीत गुडघाभर पाणी, हा घरोघरी फिरत होता, पाय ओले करत — तेव्हा मात्र खरंच ओले केले होते, खोटं कशाला बोलू. मी कॉफी दिली. आणि म्हटलं, असा समोर परत कधी सापडायचा, विचारून टाकावं. माझ्या वेस्लीबद्दल. वेस्ली माझा मुलगा. आत आहे. अगं, आत म्हणजे तुरुंगात, आणखी कुठं. एकोणीस वर्षांचा होता. मित्र म्हणाला, पंपावर गाडी थांबव, तिथल्या दुकानातून सिगारेट आणतो. मित्राच्या जॅकेटात पिस्तूल होतं. हा गाडीत रेडिओ लावून बसला होता आणि आत पंपावरचा माणूस मेला. आमच्या राज्याच्या कायद्यात गाडीत बसलेल्यालाही तीच शिक्षा, मरेपर्यंत तुरुंग. मारणाऱ्याला आणि गाडीत बसणाऱ्याला एकाच मापानं. त्याला पिस्तुलाचं माहीत होतं का? तो म्हणतो, नव्हतं. मी एकदाच विचारलं. आई आहे मी, दुसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. आता त्याचे केस माझ्याहून पांढरे झालेत. तुरुंगाच्या बेकरीत पाव भाजतो, शंभर माणसांना गणित शिकवून परीक्षेला बसवलंय त्यानं. शिक्षा-माफीच्या मंडळानं एकमतानं सांगितलं, सोडा याला. मेलेल्या माणसाची बायको स्वतः मंडळापुढे आली, म्हणाली, माझा राग संपला, सोडा. आता फक्त गव्हर्नरची सही राहिलीय. एक सही. तो जेवणाच्या बिलावर करतो तशी.

मग सांगितलं ना मी त्याला हे सगळं. त्यानं माझा हात हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, आर्लिस, मला तुमचं पटतं, पण थोडं थांबा, आत्ता वेळ बरोबर नाही. वेळ कुणाची बरोबर नाही, रे? माझी? मी सत्त्याहत्तरीला आले. वेस्लीची? त्याला वेळच वेळ आहे. वेळ त्याची, टूमीची. राष्ट्राध्यक्ष व्हायचंय ना. खुन्याला सोडणारा गव्हर्नर अशी जाहिरात उद्या विरोधक टीव्हीवर लावतील, वेस्लीचा तो एकोणीस वर्षांचा पोलिसांनी काढलेला फोटो दाखवतील, म्हणून सही अडलीय. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं बघ. चार शिव्या घालून मोकळी झाले असते. हा चांगला आहे, आणि घाबरट आहे, आणि त्याच्या घाबरण्याखाली माझा मुलगा दबलाय. जानेवारीत याची मुदत संपते. त्याच्या जागेवर यायला उभे असलेले दोघेही आणखी तुरुंग बांधू म्हणतात. आणि हा निवडून आलाच वॉशिंग्टनला, तर तिथं बसून आमच्या राज्याच्या तुरुंगातला माणूस सोडवताच येत नाही. कायदाच तसा आहे, वकिलानं सांगितलंय मला. म्हणजे जे काय व्हायचं ते जानेवारीच्या आत, आणि हा जोवर तिकडची स्वप्नं बघतोय तोवर होणार नाही.

म्हणून म्हणते, लोकांचं मत लिही तू. मोकळेपणानं लिही. रॉस टूमी चालणार नाही, घरचेच विचारत नाहीत. तू लिहिलंस की दुसरे लिहितील. एकदा का त्याला कळलं की आपलं तिकडं काही जमत नाही, की तो घरी बसेल, आणि घरी बसलेला टूमी सही करेल. मी ओळखते त्याला. त्याला चांगलं वागायचंय गं, फक्त फुकटात. काल तर दुपारीच त्याची बरणी गळ्यापर्यंत आली तेव्हा मी म्हटलं —

काय?

नाही, तिसराच आहे. आत्ता दिसतोय ना तुला तिसरा. गळ्यापर्यंत म्हणजे बोलायची पद्धत असते. अगं, तसं नाही, आमच्या लोकांचा भिडस्तपणा माहीत नाही तुला. बरण्या उघड्यावर, मागं रांगेत शेजारी उभा, पुढं मी उभी. घरच्या गव्हर्नरला सोडून परक्याच्या बरणीत दाणा टाकायचा कसा? मनात काहीही असो, हात निळ्या झाकणाकडंच जातो. नवरा टाकतो म्हणून बायको टाकते, बायको बघतेय म्हणून मेव्हणा टाकतो. आणि काही जण मनापासूनही टाकतात, नाही कशाला म्हणू. पुरात आला होता तो त्यांच्याही घरी. मग भरते बरणी. मग काय करायचं मी?

खिशाकडं बघू नकोस. एप्रनचे खिसे मोठेच असतात आमच्याकडं. बरं, बघितलंस तर बघितलंस. हो, मीच काढते. जेवायच्या सुट्टीत तंबूचा पडदा पाडला की ओंजळ ओंजळ काढते, टीव्हीवाले यायच्या आत. घरी कोंबड्यांना घालते. चर्चच्या बायकांनी विश्वासानं बसवलंय मला इथं, आणि आयुष्यात मी दुसऱ्याच्या परसातलं सफरचंदसुद्धा उचललेलं नाही. पण माझा मुलगा आहे तो. तुला मूल आहे? नाही ना. मग नुसती बस. रोज संध्याकाळी टीव्हीवर दाखवतात, टूमी घसरला, टूमी तिसरा, आणि मी ते बघत जेवते, आणि गेली कित्येक वर्षं जेवण इतकं गोड लागलं नव्हतं. परवा तो न्यूयॉर्कचा राजकारणावर बोलणारा गृहस्थ हसत होता टीव्हीवर, म्हणे ज्याला घरच्या मक्यानं नाकारलं त्याला आम्ही काय करू. म्हटलं, हस बाबा, हस, अजून हस.

आता त्या फोनमध्ये काय बघतेस? तोंड का पडलं तुझं? दाणे कोंबड्यांना घालते म्हणून नाही ना पडलं? बोल की.

कुठलं भाषण? ते आत्ताचं, मोठ्या मंचावरचं? तुम्हाला आधीच देतात ते, फोनवर? बरं. मग काय आहे त्यात? उभा राहत नाही म्हणतोय? नाही? हळू बोल जरा, तो बँड वाजतोय. काय अनुमान काढलं त्याच्या माणसांनी? लोकांना तो मऊ वाटतो. कशावरून काढलं? या — या बरण्यांवरून? घरच्या जत्रेत तिसरा आला म्हणून त्यांनी बसून विचार केला, की लोकांना कडक माणूस हवाय, आणि म्हणून —

परत म्हण. नाही, तसंच म्हण, त्यानं लिहिलंय तसं. "माझ्या सहीनं या राज्यातला एकही खुनी तुरुंगाबाहेर येणार नाही." आज. इथं. सगळ्यांसमोर.

अगं पण तो तिसरा नाहीये. तो पहिला आहे. हे बघ, हे बघ — हे एका खिशातले, हे दुसऱ्या, आणि काल किती नेले ते विचारूच नकोस. कुणाला तरी फोन लाव. तुझी ओळख असेल ना त्याच्या माणसांत, त्या बाह्या दुमडणाऱ्या मुलीला लाव, सांग थांबा म्हणावं, चूक झालीय, एका म्हातारीनं चोरी केलीय. माझं नाव सांग. आर्लिस हॉव्डे. फोटो काढ माझा, असा, खिसा उलटा करून. सांग त्यांना, इथं लोक त्याला मानतात, पुरात आला होता ते विसरलेले नाहीत, त्याला कडक व्हायची गरज नाही, तो आहे तसाच चालतो आम्हाला. मी म्हटलं ते सगळं खोड. तो चांगला माणूस आहे, असं लिही. उचलत नाही का कुणी? पुन्हा लाव ना. पुन्हा लाव, पोरी.

थांब. बँड बंद झाला.

हा त्याचाच आवाज. गळा साफ करायची सवय आहे त्याला आधी. मित्रहो, म्हणतोय. गारपिटीचं बोलतोय, अजून तिथं आला नाही. कदाचित बोलणारच नाही. लिहिलेलं सगळंच कुठं बोलतात माणसं, ऐन वेळी मन बदलतं — शू, गप्प बस जरा.

बोलला.

टाळ्या ऐकल्यास? उभे राहिले असतील सगळे. आमचेच लोक. माझी शेजारीण पुढच्या रांगेत बसणार होती.

फोन ठेव आत. ठेव म्हणते ना. आता त्याचा काय उपयोग. आणि ऊठ तिथून, ती टोपली दे इकडं. सुटले की सगळे थेट इथं येतील, आणि मला एकेकाला हसून दाणा द्यायचाय. जा, वाट सोड.