शब्दांमधल्या पाचरी

मैत्रेयी : काका, हात दाखवा बरं तुमचे.

दिगंबर : भविष्य सांगतीस व्हय? आता काय उरलंय त्यात?

मैत्रेयी : बोटं काळी आहेत. ग्राफाइट आहे हे.

दिगंबर : कुलपात घातलं सकाळी. ह्या मनीमाजरा गावची धूळ, कुलपं अडतात.

मैत्रेयी : तुम्हीच शिकवलं ना मला? कळा दाबल्या की हे लायनो यंत्र छपाईसाठी शिशाची अख्खी ओळ ओततं. शब्दाशब्दांमध्ये पाचरी बसतात, त्यांनी ओळ ताठ होते. अन् त्या पाचरी रोज ग्राफाइटवर घासायच्या, नाहीतर शिसं चिकटतं.

दिगंबर : शिकवलं खरं.

मैत्रेयी : अन् पाचरी तर दिवाळीपासून हरवल्या म्हणता. मग रोज घासून काय राहिले तुम्ही?

(दिगंबर यंत्रापुढच्या खुर्चीत बसतो. हात मांडीखाली घेतो.)

मैत्रेयी : उद्या संग्रहालयाची माणसं येऊन राहिली, काका. एक ओळ ओतून दाखवली तर चालतं यंत्र म्हणून नेतील. तिथं मीच चालवीन. नाही ओतली, तर छापखान्याच्या मालकानं भंगारवाला सांगून ठेवलाय. शेड विकली त्यानं.

दिगंबर : मला न्हाई कुणी बोललं.

मैत्रेयी : मी बोलते आहे ना.

दिगंबर : माझी सरोज गेली, तवापासून या पंजाबी गावात माझ्याशी मराठी बोलणारं कोण हाय गं? भाजीवाला 'बाबाजी' म्हणतो. लेक कॅनडातनं 'ओके पप्पा' म्हणतो, की फोन बंद. तू रविवारी यायचीस, हे यंत्र दुरुस्त करायला. पट्टा ढिला होता, तू आलीस. पट्टा लागला, तर साचे अडले. परत आलीस. एकेक करून समदं सुधारत गेलं, तशी मला धास्ती बसली. हे चालू झालं की तू कशाला येतीस?

मैत्रेयी : तुम्ही या ना तिकडे.

दिगंबर : दोरीच्या अल्याड, बघ्यांच्या गर्दीत उभा राहायला?

मैत्रेयी : दोरी तर राहीलच, काका. खोटं कशाला सांगू?

दिगंबर : खोटं न्हाई सांगितलंस, बरं केलंस. जा, मागं माझ्या खोलीत पिठाच्या डब्यामागं डबी हाय. घेऊन ये.

मैत्रेयी : बाप्पा, किती चकाकून राहिल्या ह्या पाचरी! आरशासारख्या.

दिगंबर : हातात धरलं की बरं वाटतं. सरोज दळण निवडताना म्हणायची,

शिशाचं झालं पाणी, पाण्याची झाली ओळ
धन्याच्या बोटांपाशी, माझ्यासाठी नाही वेळ

मी हसायचो. टोमणा होता तो, आत्ता कळतो.

मैत्रेयी : आजच शिशाची भट्टी पेटवून बघायची का?

दिगंबर : शिसं वितळायला वेळ लागतो, पोरी. थांबशील?

मैत्रेयी : थांबते की.

दिगंबर : मग आच बारीकच ठेवतो.