दुप्पट जवळ

जावई : पुन्हा आवाज केलात, बाबा.

सासरे : डबा नाही वाजला, माझा गुडघा वाजला. पासष्ट वर्षांचा झाला, आता त्याला कुठे गप्प बसवू?

जावई : मग हलू नका. टिबुकलीला नुसती चाहूल लागली तरी बुडी मारते, आणि वर येते ती पार पलीकडे.

सासरे : मुठीएवढा पक्षी, आणि त्याच्यासाठी तीन माणसं पाण्याकाठच्या या लाकडी खोक्यात, म्हणे आडोशात, कोंबलेली. तुम्ही, मी आणि हे रखवालदार.

रखवालदार : मी नोकरीवर आहे. मला त्यात धरू नका.

सासरे : बरं, दोन माणसं आणि एक नोकरी. जावईबापू, कॅमेऱ्याच्या आणि लेन्सच्या मध्ये ही काळी चकती कसली बसवलीत? मागे पाहिली तेव्हा नव्हती.

जावई : टेलिकन्व्हर्टर. लेन्स सहाशेपर्यंत झूम होते. हा मध्ये घातला की बाराशे. दुप्पट.

सासरे : दुपटं?

जावई : दुपटं नाही हो. दुप्पट.

सासरे : चाळीस वर्षं चष्मे करून विकले, पण काचेला दुपटं घालतात हे पहिल्यांदा ऐकलं. आणि दुप्पट फुकटात मिळतं का? काच फुकटात काही देत नाही.

जावई : उजेड जातो थोडा.

सासरे : थोडा म्हणजे किती?

जावई : चौथा हिस्सा उरतो.

सासरे : चारातले तीन वाटे गेले, त्याला तुम्ही थोडा म्हणता! तुमच्याकडे जेवायला यायला नको.

जावई : फोकसही जरा चाचपडतो. पाण्यावरची वाफ जास्त दिसते. हात हलला तर हलणंही दुप्पट होतं. पण पक्षी जवळ येतो ना.

सासरे : पक्षी येतो, की पक्ष्याचं रूप येतं? दुकानात एक आजीबाई आल्या होत्या. म्हणाल्या, मला नंबर दोनचा आहे, तुम्ही चारचा द्या, म्हणजे नातू दुप्पट दिसेल. म्हटलं, आजी, नातू दुप्पट नाही दिसणार, भिंत दोनदा लागेल. ऐकेनात. चारचा घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, कपाळाला टेंगूळ.

रखवालदार : नातू दिसला का पण?

सासरे : टेंगळावर हळद लावायला तोच आला, तेव्हा दिसला म्हणे. चष्मा काढल्यावर.

जावई : बाबा, पिल्लं पाठीवर फक्त पहिले चार-पाच दिवस बसतात. आज तिसरा दिवस. समोर पाणकणसात घरटं आहे. आईच्या पिसांतून पिल्लाचं डोकं बाहेर आलेलं, एवढा एकच फोटो मला हवाय. चोवीस दिवस बसतोय मी इथे.

सासरे : चोवीस. नेमका आकडा आहे तुमच्याकडे.

जावई : पहिलं अंडं दिसलं त्या दिवसापासून.

सासरे : माझी लेकही चोवीस दिवसांपूर्वीच माझ्याकडे आली. हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हातात पिशवी. तिला दवाखान्यातून आणायला कोण जाणार होतं म्हणे?

जावई : मी तिला सांगितलं होतं, गाडी करून ये म्हणून. त्याच दिवशी अंडं दिसलं, बाबा.

सासरे : तेच तर. तुमच्या पंचांगात अंडं आहे, तिच्या पंचांगात गाडी आहे. दिवस एकच.

जावई : तुम्ही मला समजवायला आलात का?

सासरे : छे छे. मी काही सांगायला आलोच नाही. सांगणार नाही असा तिला शब्द दिलाय. पण तुम्ही ऐकू नका, असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हा मी आपला या रखवालदारांशी बोलतो. ऐका हो रखवालदार.

रखवालदार : बोला. हळू बोला.

सासरे : माझ्या लेकीला दुसऱ्या गावी शाळेत जागा मिळाली आहे. तीन वर्षांची. आज नऊच्या बसने निघतेय. समोरच्या काठावर तो थांबा दिसतो ना, तिथून. मी म्हटलं, नवऱ्याला कळव. ती म्हणाली, बाबा, तो आला तर जायचं की राहायचं ते दोघं बसून ठरवू. नाही आला तर माझं मी ठरवलंय. पण त्याला बोलावू नका. त्याला स्वतःहून दिसू दे. त्याला इतकं लांबचं दिसतं.

जावई : काय? आज? नऊला?

रखवालदार : हळू, साहेब.

जावई : मला फोन तरी करायचा!

सासरे : तिने केला होता की. परवा प्लास्टर उतरलं तेव्हा. तुम्ही म्हणालात, आत्ता नको, आवाज होतोय.

जावई : ते... पिल्लू अंड्यातून बाहेर येत होतं तेव्हा. बरं, मी आत्ता लावतो.

सासरे : लावा.

जावई : उचलत नाही.

सासरे : बसच्या थांब्यावर आवाज होत असेल.

जावई : किती वाजले?

रखवालदार : आठ पस्तीस.

जावई : अजून वेळ आहे. एक फोटो झाला की निघतो. पाच मिनिटं. पिल्लं घरट्यातून निघायची हीच वेळ आहे, मला त्यांचं सगळं वेळापत्रक—

रखवालदार : साहेब, खाली बघा. आडोशाच्या पुढ्यात.

सासरे : अरे वा! पाच-सहा हातांवर आहे. आणि पाठीवर पिल्लू! पट्ट्यापट्ट्यांचं डोकं, इवलीशी लाल चोच... दुसरंही आहे हो! पंखाखालून डोकावतंय!

जावई : कुठे? मला नुसती पिसं दिसतायत.

रखवालदार : मागे घ्या ना ती नळी.

जावई : मागे येत नाही! कन्व्हर्टर लावला की झूम तीनशेच्या मागे येतच नाही. आणलाच तर काच काचेवर आदळेल.

सासरे : म्हणजे लांबचं जवळ येतं, पण आपल्याला मागे यायची सोय नाही?

जावई : थांबा, काढतो मी तो. धरा इकडे. नाही, तिथे नका धरू! त्याच्या कडेला धरा!

रखवालदार : गेली.

जावई : कुठे?

रखवालदार : खाली. पिल्लांसकट बुडाली. तुम्ही 'धरा' म्हणालात तेव्हा.

सासरे : काय गोड होतं हो ते! देवाने इतकं जवळ आणून ठेवलं, आणि बघितलं कुणी? चष्मेवाल्याने आणि रखवालदाराने.

जावई : पलीकडे वर आली असेल. बघतो... वाफ आहे नुसती. पाणकणीस... काठ... थांबा. बाक आहे. बाकावर निळी पिशवी.

सासरे : तिचीच. कडी तुटलेली, सुतळीने बांधलेली?

जावई : हो. सुतळी दिसतेय.

सासरे : बघा हो, सुतळी दिसली! आणि ती?

जावई : उभी आहे. काठाकडे तोंड करून. हात मोकळा आहे, बाबा. प्लास्टर नाही. मनगट बारीक झालंय.

सासरे : हसतेय की रडतेय?

जावई : कळत नाही. वाफ आडवी येतेय.

सासरे : वाफ तर मघापासून आहे. चेहऱ्याकडे बघा.

जावई : चेहरा दिसत नाही. तोंडासमोर काहीतरी काळं धरलंय... दुर्बीण आहे.

सासरे : दुकानातल्या काचेच्या कपाटातली माझी दुर्बीण! मी सकाळपासून शोधतोय.

जावई : ती इकडेच बघतेय.

सासरे : मग झालं तर. ती तिकडून दुर्बिणीतून बघतेय, तुम्ही इकडून बाराशेतून बघताय. चारशे मीटर पाणी मध्ये, आणि दोघांनाही दुसऱ्याच्या हातातली नळी तेवढी दिसतेय. संसार करावा तर असा.

जावई : रखवालदार, नाव काढा.

रखवालदार : कुठली नाव?

जावई : ही खाली बांधलेली. मला पलीकडे जायचंय.

रखवालदार : दहापर्यंत नाव पाण्यात घालता येत नाही. आडोशात बोर्डावर कागद लावलाय, तुमच्या डोक्यावर. वाचू का? "नावेच्या हालचालीने जलपक्षी विचलित होतात, सबब सकाळी दहा वाजेपर्यंत नाव पाण्यात उतरवू नये." खाली तुमची सही आहे.

जावई : हा नियम करा असं पत्र मीच दिलं होतं, ठाऊक आहे मला.

रखवालदार : पत्र नव्हे, पत्रं. तीन स्मरणपत्रंही होती.

जावई : मग मी गाडीने जातो.

रखवालदार : गाडी दोन किलोमीटर मागे, फाटकाबाहेर. "वाहनांचा आवाज नको." दुसरं कलम. तिथवर चालत जाणार, मग पुलावरून वळसा. पाऊण तास धरा.

सासरे : मीही तसाच आलोय, गुडघ्यासकट.

जावई : बरं, तुम्ही मला नावेतून सोडा, मी हात जोडतो. तुम्ही वल्हवलं तर सहा-सात मिनिटांत—

रखवालदार : मला जागा सोडता येत नाही. "रखवालदाराने सकाळभर आडोशापाशीच थांबावे." तिसरं कलम.

सासरे : जावईबापू, तुम्ही तर स्वतःला चारी बाजूंनी कुंपण घातलंत आणि किल्ली पाण्यात टाकलीत. अहो रखवालदार, भक्ताने हाक मारली तर देवसुद्धा धावतो, घड्याळ बघत नाही.

रखवालदार : देवाला कुणी स्मरणपत्रं पाठवली नव्हती.

जावई : मग काय करू मी? सांगा ना!

रखवालदार : नियम माझा नाही. ज्याने लिहिला त्याने खोडावा. हे घ्या पेन. पहिल्या कलमावर आडवी रेघ मारा... ठळक मारा. सही. आता तारीख घाला.

जावई : नऊला पंधरा मिनिटं आहेत हो!

रखवालदार : तारीख घाला म्हटलं, वेळ नाही.

जावई : घातली. झालं?

रखवालदार : ते जाकीट घाला. वल्ही नावेतच आहेत. नाव उतरताना घरट्याच्या बाजूने नेऊ नका, उजवीकडून न्या. तुम्हाला वल्हवता येतं का?

जावई : नाही.

रखवालदार : छान.

सासरे : बापू, कॅमेरा?

जावई : राहू दे तिथेच!

(पायऱ्यांवर पावलं. साखळी सुटल्याचा आवाज. मग पाण्यावर एक वल्हं आपटतं, थोड्या वेळाने दुसरं.)

रखवालदार : गोल फिरतायत.

सासरे : फिरू दे. चोवीस दिवस एका जागी बसलेला माणूस आहे, जरा अंग मोकळं होऊ दे. तुम्ही त्या काचेतून लेकीकडे बघा. मला या वयात एक डोळा मिटता येत नाही.

रखवालदार : धूसर आहे. आत काहीतरी गुर्रगुर्र करतंय, पुढे जातं, मागे येतं.

सासरे : ते फोकस चाचपडतंय. पुढचं कडं हाताने फिरवा. हळू... दुधावरची साय काढता तसं.

रखवालदार : हां. आता बाक दिसला. बाई दुर्बीण लावून उभ्याच आहेत. त्यांना नाव दिसली वाटतं.

सासरे : दुर्बीण खाली घेतली का?

रखवालदार : नाही अजून. बस आली.

सासरे : अरे देवा. आजच कशी वेळेआधी?

रखवालदार : बस आडवी उभी आहे. बाक दिसत नाही. खिडक्यांमधून दिसतंय... एक माणूस चढला. बस निघाली.

सासरे : बाकावर कोण आहे?

रखवालदार : पिशवी आहे. बाई नाहीत.

सासरे : पिशवी तशीच टाकून गेली? छे! सुतळीची गाठ मी बांधलीय, ती पिशवी ती सोडणार नाही. खाली बघा, काठाला बघा!

रखवालदार : खाली... पाणी... हां! आहेत, काठावर आहेत! चपला हातात घेतल्यात. घोटाभर पाण्यात उभ्या आहेत. आणि जोरजोरात हात करतायत.

सासरे : बोलावतेय?

रखवालदार : नाही. डावीकडे, डावीकडे, असं. साहेब उजवीकडे चाललेत. आता ओरडतायत. साहेबही ओरडतायत.

सासरे : काय म्हणतायत?

रखवालदार : या नळीतून ऐकू येत नाही.

सासरे : भांडतायत का?

रखवालदार : तसंच दिसतंय.

सासरे : देव पावला. तीन आठवडे तिने त्याच्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. दुर्बीण?

रखवालदार : गळ्यात लटकतेय. आता चेहरा दिसतो, सांगू का कसा आहे?

सासरे : नको. तो बघेल.

रखवालदार : चष्मेवाले, हळूच खाली बघा. टिबुकली परत आलीय. दोन्ही पिल्लं पाठीवर. काढायचा का साहेबांसाठी फोटो?

सासरे : ती काच मागे येत नाही. बघू या आपण, नुसत्या डोळ्यांनी.

रखवालदार : मला मात्र वहीत नोंद करावी लागेल. आठ सत्तेचाळीसला नाव पाण्यात. कारणाच्या रकान्यात काय लिहू?

सासरे : लिहा... फोटो नीट येत नव्हता, म्हणून जरा जवळ गेले.