लहान डोंगर मिळेल का

तमिळ शिकताना मराठी माणसाला एकाच गोष्टीचा माज असतो, तो म्हणजे आपल्याला ळ म्हणता येतो. ऑफिसातल्या दिल्लीवाल्यांना तो जमत नाही, म्हणून मी जिथे तिथे ळ लावत सुटलो होतो.

बाबांचा गुडघा बदलून आठ महिने झाले आणि साताऱ्याहून त्यांचा फोन आला, "तिकडे येतोय. एखादा डोंगर चढून बघायचाय."

मी लगेच निलगिरीतल्या राष्ट्रीय उद्यानाच्या एका वाटाड्याला फोन लावला. वेलचेरीतल्या आमच्या घरमालकीण आंटी समोरच होत्या, पण म्हटलं, आपणच बोलू तमिळमध्ये. डोंगराला मळै म्हणतात हे मला पक्कं ठाऊक होतं.

"बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मोठा मळै नको, लहान चालेल."

"लहान-मोठं आपल्या हातात नसतं सार. देव देईल तो."

मला ते पटलं. "तरी त्यातल्या त्यात लहान?"

"मग जानेवारीत या."

"का, तेव्हा लहान असतो?"

"तेव्हा नसतोच सार."

आंटींनी हसू दाबत फोन काढून घेतला. "अरे, डोंगर म्हणजे मलै. तू मळै मागतोयस, म्हणजे पाऊस. त्यासाठी निलगिरीला कशाला जायचं? वेलचेरीत तो घरात येतो."

बाबांना हे सगळं सांगितलं आणि जानेवारीचं विचारलं. ते म्हणाले, "जानेवारी कशाला? पुढच्याच महिन्याचं ठरव. मी छत्री आणतो. पाऊस आला तर उघडेन, नाही आला तर तीच टेकत चढेन."