हळवं पिल्लू

प्राण्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूबाईंच्या मांडीवर पाणावल्या डोळ्यांचं कुत्र्याचं पिल्लू होतं.

“आई, त्याची पापणी आत वळलीय. केस डोळ्यांत टोचतात, म्हणून पाणी येतं. छोटंसं ऑपरेशन आहे.”

“टोचत बिचत काही नाही. हळवा आहे तो. माझ्याबरोबर मालिका बघताना बरोब्बर रडतो.”

“साबणाची जाहिरात लागली तरी रडतो.”

“मग? एकेकाचा स्वभाव असतो.”

“अहो, डोळा अधू होईल त्याचा!”

“अगं बाई! मग करून टाका म्हणावं.”

“शुक्रवारी बोलावलंय.”

“शुक्रवारी नको. त्या दिवशी मालिकेत लग्न मोडणार आहे. मी एकटीनं किती रडायचं?”

“मी बसते ना तुमच्याजवळ.”

“तू? परवा मालिकेतली सासू गेली, तेव्हा फिदीफिदी हसत होतीस!”