बाबांच्या आपोर्तची साल

हॅलो?… हो, शोल्पानच बोलतेय, दुसरं कोण असणार? बोल राउशान… पुन्हा आली हरणं? आज पहाटे? किती रोपांची साल सोलली?… नऊ. आणि बाकीची?… शिवलीसुद्धा नाहीत?

थांब, थांब. अगं ऐक ना, नवल आहे हे. बागेत सफरचंदाची चाळीस रोपं, आणि हरणं नेमकी गेल्या आठवड्यात कुरतडलेल्या नऊ रोपांकडेच कशी गेली?… चव लागली म्हणे. चव काय, चाळिसांची एकच की… कुंपणाचं नंतर बघू. आधी सांग, त्या नऊ रोपांना तू काय केलंस?… लेप? कसला?… मेंढीच्या शेपटीची चरबी. बरं. नुसतीच?… मीठ घालून?

अगं बाई… हो, शिंगराच्या जखमेला लावतात तसं. पण हिवाळाभर हरणं मिठाला आसुसलेली असतात, तू तर त्यांना ताटच वाढून ठेवलंस… नाही, रागावत नाहीये. कोणी सुचवलं हे?

मी?… कधी?… भाचीच्या लग्नात? त्या गोंगाटात कोणाला काय ऐकू येत होतं… हो, "घोड्याला लावतो तेच लाव" म्हटलं असेन. असेन काय, म्हटलंच. चुकलं माझं.

बाबांचं रोप कसं आहे?… तेच, आपोर्त सफरचंदाचं जुनं झाड कोसळायच्या आधी त्यांनी त्याचं कलम बांधलं ते. तेवढं एकच उरलंय त्याचं… चहूबाजूंनी? सालीची बोटभर पट्टीही राहिली नाही?… रडू नकोस गं. जा तिथे. जखमेच्या वर नखाने खरवड… खाली नको, कलमाच्या जोडाखाली रानटी झाड असतं… काय दिसतं?… तपकिरी? अजून जरा खोल…

हिरवं?… ओलं लागतंय हाताला?

मग जगेल. ऐक, माझ्या तळघरात वाळूत पुरलेल्या सफरचंदाच्या काड्या आहेत. एक टोक जखमेखालच्या सालीत खोचायचं, दुसरं वरच्या. रस काडीतून चढतो… हो, पुलासारखं. तीन-चार लावू. दुपारच्या तालगारच्या बसने येते. तोवर कोमट पाण्याने चरबी काढ, ओलं फडकं गुंडाळ…

काय?… नाही, बाबांसारखा हात नाही माझा, माहितेय मला… पण त्यांचा कलमाचा चाकू आहे… हो, तोच. दोन वर्षं शोधतेयस तो… मीच नेला होता, राउशान. बाबांच्या मातीच्या दिवशीच… बरं. तोही आणते. ठेवते आता.